अंजनीच्या पाण्याची गौर

खांबेट्यांच्या घरी खड्यांच्या गौरी आहेत. मुखवटे नाहीत, साडी नेसवणे नाही, दागिने नाहीत. भाद्रपदात गौरीच्या आवाहनाच्या दिवशी घरातल्या सवाष्णीने पाणवठ्यावर जायचे, पाण्यातले पाच खडे वेचायचे, ताम्हनात ठेवायचे आणि घरी यायचे. येताना वाटेत एक शब्दही बोलायचा नाही. बोलले, की ते खडे नुसते खडे उरतात. मग ते पाण्यात परत टाकून दुसरे वेचावे लागतात. दाराशी पावलांवर दूधपाणी पडले आणि हळदकुंकू लागले, की त्यांची गौर होते. माहेरवाशीण म्हणून ती घरात येते, दुसऱ्या दिवशी घावन-घाटल्याचा नैवेद्य घेते आणि तिसऱ्या दिवशी ज्या पाण्यातून आली त्याच पाण्यात परत जाते.

मंदाकिनीबाई खांबेटे यांची ही गौर लग्नापासून भोपाळच्या अंजनी नदीतून येत असे. गेली दोन वर्षे मात्र ती साकेत नगरमधल्या त्यांच्या इमारतीच्या गच्चीवरून, टाकीच्या नळाखाली ठेवलेल्या कुंडीतून आली. अंजनीच्या दोन्ही काठांना पत्रे ठोकले होते आणि आत रिव्हरफ्रंटचे काम चालू होते. ती दोन वर्षे मंदाकिनीबाईंनी पूजेत काही कमी केले नाही. पण तिसऱ्या दिवशी कुंडीत खडे परत ठेवताना आपण कुणा तिऱ्हाइताच्या मुलीची बोळवण करत आहोत असे त्यांना दोन्ही वेळा वाटले. यंदा पत्रे निघाले. गौर अंजनीतूनच आणायची, असे त्यांनी गणपती बसण्याआधीच घरात सांगून टाकले.

त्यावर घरात जे बोलणे झाले त्यात कुणीच त्यांच्या बाजूने नव्हते.

"आई, त्या पाण्यात काय काय सापडेल ते मी न तपासताही सांगू शकते," सून अदिती म्हणाली. ती जवळच्याच मोठ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. "तुमची गौर घरात आल्या आल्या अँटिबायोटिक मागेल."

"मागितलं तर तू दे."

"बडे तालाबवर जाऊ या ना. मी गाडीनं नेते. तिथंही खडे आहेत, पाणी आहे, शिवाय भुट्टा मिळतो."

"भुट्टा तू खा. गौर अंजनीची."

मंदाकिनीबाईंचे यजमान विश्वनाथराव खिडकीपाशी, नाकात प्राणवायूची नळी लावून बसले होते. त्यांची हयात अंजनीकाठच्या कापडमिलच्या रंगखात्यात गेली होती. थांबत थांबत ते म्हणाले, "अगं, तीस वर्षं मी त्या नाल्यात रंग सोडला. तिथले दगड आता देव्हाऱ्यात मांडणार?"

"तुम्ही सोडलात म्हणून तर," मंदाकिनीबाई म्हणाल्या, आणि डाळ निवडायला बसल्या.

त्या मूळच्या उज्जैनच्या, मोन्यांच्या. माहेरचे घर क्षिप्रेपासून हाकेच्या अंतरावर. एकोणीसशे त्र्याहत्तर साली लग्न होऊन त्या भोपाळला आल्या तेव्हा सासर नदीकाठी आहे एवढेच ऐकून त्यांना बरे वाटले होते. मिल लाईनमधल्या दोन खोल्यांच्या घराचे मागचे दार उघडल्यावर जे पाणी दिसले ते जांभळे होते. दुपारी ते पिवळे झाले. त्यांनी सासूबाईंना विचारले, "नदी कुठे आहे?" रत्नप्रभाबाईंनी हाताने दाखवले. "ही काय. पण एरवी तिला नाला म्हण. सगळे तेच म्हणतात."

या वस्तीला रंगघाट म्हणत. नावाविषयी दोन गोष्टी सांगितल्या जातात. मिलच्या आधी इथे रंगरेज राहत, ते अंजनीच्या पाण्यात ओढण्या धूत, ही एक. मिलच्या पाण्यामुळेच नाव पडले, ही दुसरी. पहिली ऐकायला गोड आहे, पण जुन्या वस्तीत रंगरेजांचे एकही घर, विहीर किंवा कबर कुणाला दाखवता आलेली नाही. दुसरी खरी असेल तर नाव फार जुने नाही. नदी पूर्वी निर्मळ होती आणि तळाचा पैसा दिसे, असेही म्हातारी माणसे सांगत. ती स्वतः मिलमध्ये कामाला लागली तेव्हा रंगखाते चालूच होते, म्हणजे तळाचा पैसा पाहिला असेल तर तो त्यांच्या वडिलांनी. मंदाकिनीबाईंचा यातल्या कशावरही फारसा विश्वास बसला नाही. त्यांना अंजनी रंगीतच भेटली. मात्र मिल दर रविवारी बंद असे आणि सोमवारी सकाळी पाणी जवळजवळ पाण्यासारखे दिसे, हे त्यांनी स्वतः पाहिले होते.

वस्ती तेव्हा भरलेली होती. ग्वाल्हेर-उज्जैनकडची मराठी कारकून मंडळी, कानपूरकडचे विणकर, कांड्यांवर सूत भरणारे बुऱ्हाणपूरचे कांडीवाले, काठाच्या पलीकडे धोबी, त्यांच्याही पुढे वीटभट्ट्या. भोंगा झाला की अख्खा काठ हलायचा. घरोघरी कपड्यांना मिलचा वास होता. नव्या कोऱ्या कापडाचा आणि त्याखाली खारट, जळक्या रसायनाचा. पाहुणे नाकाला रुमाल लावत. राहणाऱ्यांना तो वास येत नसे.

पहिल्या गौरीच्या दिवशी रत्नप्रभाबाईंनी सुनेला सकाळीच नटवून मागच्या दारी उभे केले. मंदाकिनीबाईंनी बाहेर पाहिले तर पाणी गढूळ, मातकट, पण बिनरंगाचे होते. दिवस कामाचा होता, मिल चालू होती, धुरांडे धूर ओकत होते.

"आज रंग नाही?"

"बायका खडे घेऊन घरी पोचेपर्यंत नसतो," सासूबाई म्हणाल्या. "आता बडबड पुरे. निघ."

तो रंगघाटचा रिवाज होता. आवाहनाचा मुहूर्त रंगखात्यात आदल्या दिवशीच कळवला जाई. त्या वेळी हौदांची मोरी बंद ठेवत. रंगलेले पाणी हौदातच थोपवून धरत आणि लाईनीतली शेवटची सवाष्ण घाट चढून गेली, की कुणीतरी मिलच्या भिंतीवर काठी आपटे. मग मोरी उघडायची. साहेबांचा असा काही हुकूम नव्हता. कुणी विचारलेच तर मोरी साफ करतो आहोत असे सांगत. त्या पाळीचा मुकादम मुसलमान असो की कायस्थ, काठी आपटल्याशिवाय त्याने मोरी उघडली असे एकदाच झाले.

ते शहात्तर किंवा सत्त्याहत्तर साल असावे. कोणते, यावर नवराबायकोचे आजही एकमत नाही. बाहेरून तपासणीला माणसे आली होती, हौद तुंबलेले दिसणे परवडणारे नव्हते आणि पाळी विश्वनाथरावांची होती. बायका पाण्यात उभ्या असताना वरून निळा लोट आला. मंदाकिनीबाईंच्या पोटऱ्या निळ्या झाल्या, लुगड्याचा काठ निळा झाला, ओंजळीतले खडे निळे झाले. त्या किंचाळल्या नाहीत. किंचाळणे म्हणजे बोलणेच. बारा-चौदा बायका ओळीने, निळ्या पायांनी, ओठ घट्ट मिटून घाट चढल्या. वरच्या चहाच्या टपरीवरची माणसे आधी हसली आणि मग उठून उभी राहिली. त्या संध्याकाळी विश्वनाथराव घरी आले तेव्हा आई त्यांच्याशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नैवेद्याच्या वेळी मात्र त्यांनीच मुलाला पहिले पान वाढले. "नोकरी आहे," एवढेच त्या म्हणाल्या. त्यानंतर विश्वनाथरावांनी गौरीच्या दिवशी रजा घ्यायला सुरुवात केली. म्हणजे मोरीपाशी दुसरा कुणी असे आणि ते स्वतः भिंतीवर काठी आपटायला जात.

डिसेंबर चौऱ्याऐंशीच्या गॅसचा वारा रंगघाटावरूनही गेला. त्याबद्दल मंदाकिनीबाई फार सांगत नाहीत. लहानग्या मुलाला, नितीनला, घेऊन घरातली माणसे उज्जैनला गेली, दोन महिन्यांनी परत आली, तोवर लाईनीतली काही दारे कायमची बंद झाली होती. रत्नप्रभाबाई त्याच हिवाळ्यात गेल्या. विश्वनाथरावांचा दम तेव्हापासूनचा. तो गॅसमुळे की रंगखात्यातल्या वाफेमुळे, हे कोणत्याच डॉक्टरने ठामपणे लिहून दिले नाही. कुणी विचारले तर मंदाकिनीबाई दोन्ही सांगतात.

पुढच्या भाद्रपदात लाईनीतल्या बायका घाटावर जमल्या, पण पाण्यात कुणी उतरेना. पाण्यात विष उतरले आहे म्हणत. उतरलेले नाही असेही म्हणत. खात्रीने सांगणारा कुणी नव्हता. एकीने घरून उकळत्या पाण्याची कासंडी आणली होती, खडे घाटावरच धुऊन घ्यायला. शेवटी मंदाकिनीबाईच आधी उतरल्या. सासूबाईंच्या माघारी ती पहिली गौर होती आणि घरातली एकुलती सवाष्ण त्याच होत्या. बाकीच्या त्यांच्यामागून उतरल्या. हे सांगताना त्या धीटपणाचा आव आणत नाहीत. "मला दुसरं पाणी ठाऊक नव्हतं," असे म्हणतात.

मग मिल बंद पडली. एका दिवशी नव्हे. आधी एक पाळी गेली, मग रंगखाते गेले, मग भोंगा. रंगखाते गेले त्या वर्षी अंजनीचे पाणी खरोखर स्वच्छ झाले. घाटावर बगळे उतरू लागले आणि बगळे पाहायला माणसेही रिकामी होती. काठावर एवढी शांतता मंदाकिनीबाईंनी कधी ऐकली नव्हती आणि ती त्यांना आवडली नाही. सात-आठ वर्षांनी पाणी पुन्हा काळवंडले. या खेपेला तो रंग नव्हता. वरच्या अंगाला वसाहती झाल्या होत्या, त्यांची सांडपाण्याची नाली अंजनीत सोडली होती. मिलच्या गोदामांत भंगारवाले आले, लाईनीच्या तोंडाशी गाड्या धुणारे आले, वीटभट्ट्यांच्या जागी लग्नाचे लॉन झाले. मराठी घरे एकेक करून उठली. कुणी बरखेड्यात मुलाच्या क्वार्टरमध्ये, कुणी नेहरू नगरला, कुणी सरळ पुण्याला. खांबेटे बऱ्याच उशिरा हलले. नितीनला साकेत नगरच्या रुग्णालयात तंत्रज्ञाची नोकरी लागली, तिथे फ्लॅट घेतला, तेव्हा. त्यानंतरही दर वर्षी मंदाकिनीबाई रिक्षा करून रंगघाटावर येत. आधी पाच-सहा जणी असत. मग तिघी. पत्रे ठोकले गेले त्याच्या आदल्या वर्षी त्या एकट्याच होत्या.

यंदा आवाहनाचा मुहूर्त दुपारचा होता. अदितीने अर्धा दिवस रजा काढली आणि कुरकुर करत का होईना, सासूबरोबर निघाली. मंदाकिनीबाईंनी हिरवी इरकल नेसली, ताम्हन आणि हळदकुंकवाची कुयरी पिशवीत घेतली. गुडघ्याला पट्टा बांधला.

रिव्हरफ्रंट त्यांनी प्रथमच पाहिला. काठाने लाल फरशी, लोखंडी कठडे, गुळगुळीत बाके, रोपट्यांना नावांच्या पाट्या. अंजनी मधोमध दोन सिमेंटच्या भिंतींमधून वाहत होती. मिलचे धुरांडे तेवढे राखले होते आणि त्याला खालून दिवे लावले होते. मिल लाईनच्या जागी गाड्या उभ्या होत्या. आपले मागचे दार कुठे असेल याचा अंदाज घ्यायला मंदाकिनीबाई थांबल्या. धुरांड्यावरून काही जुळेना, आणि त्या पुढे निघाल्या. घाटाच्या पायऱ्या शिल्लक होत्या, घासूनपुसून. वर मोठा फलक होता.

अदितीने वाचून दाखवले, "अंजनी का प्राचीन घाट. सदियों से यहाँ श्रद्धालु..."

"अगं, हा घाट माझ्यासमोर बांधलाय. टाइमकीपर शेवाळावरून घसरून पडला, तेव्हा मिलनं घातल्या या पायऱ्या."

"मग तुम्हीही प्राचीनच," अदिती म्हणाली. मंदाकिनीबाईंना हसू आले. त्यांनी चपला काढल्या, ताम्हन हातात घेतले आणि तोंडावर बोट ठेवून आता बोलू नकोस अशी खूण केली. अदिती फोनवर नितीनचा निरोप ऐकत वरच थांबली.

शेवटच्या पायरीवर पाणी होते. पावसाने थोडे पातळ झालेले, राखाडी. वास होता, पण उग्र नव्हता. मंदाकिनीबाई बसल्या, पदर खोचला, हात पाण्यात घातला. हाताला खडे लागले. त्यांनी एक वर काढला. पांढरा, अंड्यासारखा, गुळगुळीत. दुसराही तसाच. तिसराही. काठाची शोभा म्हणून कुठून तरी ट्रकने आणून ओतलेले दगड होते ते. अंजनीचा खडा तांबूस, खडबडीत, हातात घेतला की जरा बोचणारा. वरचे डोंगर ज्या वालुकाश्माचे आहेत त्याचाच तुकडा. त्यांनी पांढरे खडे सोडून दिले. पायरी उतरून घोटाभर पाण्यात उभ्या राहिल्या, मग पोटरीभर. शोभेचा पट्टा संपतो तिथे गाळ होता आणि गाळात बोटे रुतवल्यावर तांबूस खडे मिळाले. एकेक करून पाच. ताम्हनात ठेवून, गुडघ्यावर हात टेकवत त्या वर आल्या.

शिट्टी वाजली. निळ्या गणवेशातला पहारेकरी धावत आला. पंचविशीचा, घामाघूम.

"अम्मा! नीचे कहाँ उतर गई थीं? रेलिंग काहे के लिए लगाई है?"

मंदाकिनीबाईंनी हात जोडल्यासारखे केले आणि बाजूने जाऊ लागल्या. तो आडवा आला. त्याने ताम्हनात पाहिले.

"पत्थर ले जाना मना है. पिछले महीने भी एक आंटी गमलों के लिए झोला भर ले गईं, डाँट मुझे पड़ी. वापस रखिए."

त्या गप्प.

"सुनाई देता है ना?"

त्यांनी मान हलवली.

"तो बोलिए कुछ!"

कठड्याशी शेगडीवर कणसे भाजत बसलेल्या भुट्टेवाल्याने पंखा हलवायचे थांबवले. "अरे पिंटू, गूँगी होंगी बेचारी. तमीज़ से बोल."

"अभी ऊपर उन मैडम से बात कर रही थीं, मैंने देखा है."

"तो फिर रील बन रही होगी," बाकावरचा एक कॉलेजातला मुलगा म्हणाला, आणि त्याच्या सोबतिणीने खरेच फोन वर धरला. आणखी चारपाच माणसे जमली. कुणी म्हणाले, घरात भांडून आल्या असतील, पाण्यात उतरल्या होत्या, पोलिसांना फोन लावा. मंदाकिनीबाईंनी कुयरी उघडून कुंकू दाखवले. ताम्हनाकडे बोट केले, कपाळाकडे केले, आभाळाकडे केले. त्यांच्या मनात होते ते यातून सांगता येण्यासारखे नव्हते. इतकी माणसे आपल्या तोंडाकडे पाहत आहेत आणि आपण वेड्या दिसत आहोत हे त्यांना कळत होते. अदिती कठड्यापाशी पाठमोरी, कानाला फोन लावून उभी होती. हाक मारली असती तर ती आली असती.

पहारेकरी वाईट नव्हता. कुंकू पाहून त्याचा आवाज उतरला.

"पूजा का है? अच्छा. तो अम्मा, बड़े तालाब से ले लीजिए, नर्मदाजी का मँगवा लीजिए. ये तो नाला है. पूरे शहर का मैला इसी में आता है. इसमें से कौन देवी आएगी?"

"आती है, बेटा," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "हर साल इसी में से आती है."

शब्द बाहेर पडल्यावर त्यांना ते ऐकू आले.

"लो, बोलती तो हैं!" भुट्टेवाला म्हणाला आणि लोक हसले. पिंटूही सुटल्यासारखा हसला. मंदाकिनीबाई ताम्हनातल्या पाच खड्यांकडे पाहत राहिल्या. तांबूस होते, ओले होते, बोटांना बोचले होते. पण आता ते नुसते खडे होते.

अदिती तेवढ्यात आली. "काय झालं?"

"बोलले मी."

"कुणाशी?"

"याच्याशी. जाऊ दे. परत वेचते."

त्या वळल्या, दोन पायऱ्या उतरल्या, आणि तिसरीवर गुडघ्याने नकार दिला. हात टेकून त्या तिथेच बसल्या. पुन्हा उठून पाहिले, पुन्हा बसल्या. पोटरीभर पाणी, गाळ, वाकणे, सगळे पुन्हा करायचे होते. त्यांनी वर अदितीकडे पाहिले नाही. ताम्हन मांडीवर घेऊन त्या पाण्याकडे पाहत बसल्या. पुढच्या वर्षी गुडघा यापेक्षा बरा होणार नव्हता.

अदिती वरून सासूच्या पाठीकडे पाहत होती. मग तिने चपला काढल्या.

"मुहूर्त कितीपर्यंत आहे?"

"आहे अजून. पण तू... तुला ते पाणी..."

"घरी जाऊन साबणानं धुईन. तुमचीच गौर, मी निमित्त. किती, पाच ना?" ओढणी कमरेला बांधत ती पहारेकऱ्याकडे वळली. "भैया, पाँच पत्थर लूँगी. परसों वापस यहीं रखकर जाऊँगी. गिन लेना."

"वापस? पत्थर?" पिंटूने टोपी सरकवली. "किसलिए?"

"मायके आती है. दो दिन रहती है, फिर अपने घर. रोक सकते हो तो रोक लो."

पिंटूने भुट्टेवाल्याकडे पाहिले. भुट्टेवाला म्हणाला, "बेटी की बिदाई में टाँग मत अड़ा." पिंटू म्हणाला, "जल्दी कर लीजिए फिर, सुपरवाइज़र आता होगा," आणि पाठ फिरवून त्या मुलीचा फोन खाली करायला गेला.

सासूच्या मांडीवरचे ताम्हन उचलून अदिती तिच्या शेजारून खाली उतरली. ताम्हनातले पाच खडे तिने पाण्यात सोडले आणि नाक आक्रसून, मनगट जेमतेम बुडेल एवढा हात घातला. वरच्या पायरीवरून मंदाकिनीबाईंना सगळे दिसत होते. तिने पहिला खडा काढला तो पांढरा होता. दुसरा पांढरा. हाताला जे लागत होते तेच ती घेत होती. तिला कुणी काही सांगितले नव्हते. नंतर एक तांबूस आला, बहुधा तिने नुकताच सोडलेला. मग पुन्हा पांढरा.

अदिती अजून पाण्यात होती, ती वळायच्या आत सांगता आले असते. मंदाकिनीबाईंचे तर बोलून झालेच होते. ते नको, पलीकडचे घे, एवढेच सांगायचे. तोंड उघडून त्या थांबल्या. अदितीच्या तळहातावरचा पांढरा खडा खालच्या अंगाने काळा-हिरवा होता. शेवाळ चांगले चिकटले होते; ती अंगठ्याने घासत होती आणि ते निघत नव्हते. पत्रे ठोकले तेव्हापासून तो दगड त्या पाण्यात पडून असणार. कुठल्या नदीचा होता कोण जाणे. गुजरातकडून येतात असे दगड, असे कुणीसे म्हणाले होते. रंगघाटावर अंजनीचे असे कोण होते? विणकर कानपूरचे, कांडीवाले बुऱ्हाणपूरचे, सासूबाई सांगलीकडच्या. ज्याला त्याला कुणीतरी आणून इथे सोडले होते आणि मग पाण्याने आपला रंग चढवला होता. हे खरे, की तिला परत हात घालायला सांगण्याचा आपल्याला संकोच वाटतो म्हणून आपण हे म्हणतो आहोत, याचा त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. त्यांना ठरवता आले नाही.

पाच खडे ताम्हनात ठेवून अदितीने वर पाहिले. भुवया उंचावून विचारले, चालेल ना? तोंडाने विचारले नाही. ओठ मिटलेलेच होते.

मंदाकिनीबाईंनी मान डोलावली.

घाट चढताना अदितीने त्यांना दंडाला धरून उठवले. भुट्टेवाल्याने "अम्मा, परसों आना, एक भुट्टा हमारी तरफ़ से," असे म्हटले, त्याला मंदाकिनीबाईंनीच उत्तर दिले. रिक्षावाल्याला साकेत नगरचा पत्ता, कोणत्या रस्त्याने, मेट्रोच्या कामामुळे वळण कुठून घ्यायचे, सगळे त्यांनीच सांगितले. वाटेत अदितीचा फोन तीनदा वाजला. तिने तो पाहिला आणि तसाच वाजू दिला. तिचे पाय गाळाने भरले होते. ताम्हन तिने दोन्ही हातांनी, खड्ड्यांत हिसका बसू नये असे, अधांतरी धरले होते. मंदाकिनीबाईंना तिच्याशी पुष्कळ बोलावेसे वाटत होते आणि त्यांनी ते बोलून घेतले: सासूबाईंचे, मोरीचे, काठीचे. एरवी मध्येच काहीतरी म्हणणारी सून आज ऐकत होती.

दार नितीनने उघडले. विश्वनाथराव नळीसकट दारापर्यंत आले होते. दुधाचे भांडे त्यांनीच तयार ठेवले होते. त्यांनी बायकोकडे पाहिले, तिचे हात रिकामे होते. मग सुनेकडे पाहिले. मग वाकून ताम्हनात. रंगखात्यात तयार झालेली नजर होती ती.

"यातले चार आपल्याकडचे नाहीत," ते म्हणाले.

अदितीने चमकून सासूकडे पाहिले. तिच्या ओठांशी काहीतरी आले आणि ते तिने दाबले.

"अंजनीतून आलेत," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "सरका तुम्ही. तिला आत येऊ दे."

त्यांनी गुडघ्याचा पट्टा घट्ट केला, उंबऱ्यापाशी खाली बसल्या, आणि सुनेच्या गाळाने भरलेल्या पावलांवर दूधपाणी घातले.